दगडी वाड्याच्या आधी: धाबं, किलचण आणि उसाचं चिपाड

आजचा भाग शिर्डीचा आहे, पण देवळाचा नाही. म्हणजे सुरुवात देवळापासूनच करतो, पण लगेच मागच्या गल्लीत शिरायचंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' येतात त्यातले बरेचसे काढलेत, सगळे नाही.

शिर्डीत आपण ज्याला समाधी मंदिर म्हणतो, तो मुळात नागपूरच्या बापूसाहेब बुटींनी बांधायला घेतलेला वाडा. १५ ऑक्टोबर १९१८ला साईबाबा गेले आणि त्यांना त्याच वाड्यात ठेवलं गेलं, म्हणून त्याचं मंदिर झालं. पण त्याआधी गावात त्याचं नाव होतं 'दगडी वाडा'. मला या नावात फार रस आहे. विचार करा, घराची ओळख 'दगडी' या एका शब्दात पटते कधी? आजूबाजूची घरं दगडी नसतात तेव्हा. आज कुणी आपल्या बंगल्याला 'सिमेंटचा बंगला' म्हणत नाही, कारण सगळेच सिमेंटचे आहेत.

मग बाकीची शिर्डी कशाची होती? मातीची आणि लाकडाची. आणि ते लाकूड म्हणजे नुसते गुळगुळीत सागवानी खांब नव्हेत. फांद्या, काटक्या, सुताराच्या हातून पडलेले तुकडे, फुटकी फळी, जुन्या घराची निघालेली कडी, असं सगळं काही त्यात होतं. हल्ली 'लाकडाच्या टाकाऊ मालातून पर्यावरणपूरक बांधकाम' असं म्हटलं की जर्मनीतली नाहीतर जपानमधली रील डोळ्यांसमोर येते. तुमच्या-माझ्या आजोबांच्या घराचं छत त्याचंच होतं. ते छत वाईट का ठरलं आणि त्यातलं काय घेण्यासारखं होतं, हा आजचा विषय.

आपल्या भागात, म्हणजे राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यात, सपाट मातीच्या छताला 'धाबं' म्हणतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे 'माळवद'. शब्द वेगळे, पण बांधायची रीत बरीचशी सारखी. दीड-दोन फूट जाड भिंती, कुठे पांढऱ्या मातीच्या, कुठे मातीत बसवलेल्या दगडाच्या. आणि छताचा भार बहुतेक वेळा भिंतीवर नाही, आतल्या लाकडी खांबांवर. खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या. दोन खांबांमधल्या जागेला 'खण'. घराचं मोजमाप चौरस फुटांत नाही, खणांत व्हायचं. 'पाच खणांचं घर' म्हटलं की ऐकणाऱ्याला घर किती मोठं आणि माणूस किती तालेवार, दोन्ही कळायचं.

आता कड्यांच्या वर बघा. दोन कड्यांमध्ये वीत-दीड वीत फट असते. तिथे माती टाकली तर ती सरळ ताटात पडेल. म्हणून कड्यांवर आडवी किलचण पसरायची. किलचण म्हणजे उभ्या चिरलेल्या फांद्या, बारीक दांडके, ढलप्या. बाभूळ, बोर, निंब, जे मिळेल ते. तिच्यावर पाला किंवा गवत, त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' का म्हणतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, राख, पडलेल्या भिंती यांनी गावठाणाची माती पांढुरकी होते. ती काळ्या मातीसारखी ओली झाली की फुगत नाही आणि वाळली की भेगाळत नाही. म्हणून छताला तीच हवी.

मला किलचण आवडते ती यासाठी की ती विकत आणायची वस्तूच नव्हती. तुळईसाठी पैसे मोजावे लागत. सागवान सह्याद्रीच्या बाजूने, लांबून यायचं. पण किलचण म्हणजे शिल्लक. बाभळीचा बुंधा तोडून औताला आणि बैलगाडीला घ्यायचा, राहिलेल्या फांद्या छताला. सुतार हा बलुतेदार, त्याला वर्षाचं धान्य ठरलेलं. तो वाकसाने लाकूड तासायचा आणि समोर ढलप्यांचा ढीग पडायचा. त्या ढिगातलं जे लांब ते किलचणीला आणि जे आखूड ते चुलीला. फेकायला उरायचं काय? चुलीची राख. तीही भांडी घासायला आणि धान्यात कीड लागू नये म्हणून वापरायची. शिर्डीत राखेचं काय होतं हे मी सांगायची गरज नाही.

शिर्डीचाच विषय आहे तर एका फळीबद्दल सांगितलंच पाहिजे. दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त ती येते. निमगावच्या नानासाहेब डेंगळ्यांनी बाबांना झोपायला एक फळी आणून दिली, चार हात लांब आणि फक्त एक वीत रुंद. बाबांनी ती जमिनीवर न टाकता जुन्या चिंध्यांनी मशिदीच्या आढ्याला टांगली आणि वर दिवे लावून तिच्यावर झोपायला लागले. लोक बघायला गर्दी करायला लागले, तेव्हा एक दिवस ती मोडून टाकली. भाविक त्यात चमत्कार बघतात, तो त्यांचा विषय. मी त्यात एक बांधकामाची बातमी वाचतो: त्या पडक्या मशिदीला लाकडी आढं होतं आणि त्याला काहीतरी टांगता येत होतं.

ही पद्धत किती जुनी? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात जमिनीखाली आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, आणि त्या गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. काळ साधारण इ. स. पू. १४०० ते १०००. पुढे श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, नेवासं, आणि पुणे जिल्ह्यातलं इनामगाव इथेही तीच माणसं सापडली. इनामगावला घरांच्या तळाशी बुटक्या मातीच्या भिंती आणि खांब रोवल्याची भोकं मिळाली. भिंतीचा वरचा भाग कुडाचा, म्हणजे काटक्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. खांबाचं लाकूड कधीच कुजून गेलं, पण त्याने जमिनीत सोडलेली गोल जागा तीन हजार वर्षं टिकली. म्हणजे काटकी आणि माती एकत्र केली की दोघांचंही भलं होतं, हे प्रवरेकाठच्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे. काटकी मातीला फुटू देत नाही आणि माती काटकीला जळू देत नाही.

यातला एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो. धाब्याला पांढरी माती लागते, आणि सगळ्यात चांगली पांढरी मिळते ती जुन्या उजाड वस्तीच्या टेकाडावर. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी पुरातन टेकाडांना लोकांनी फावड्याने खाल्लंय. घराच्या छतावर इतिहास पसरलेला, आणि खाली कुणाला पत्ता नाही.

मग १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. कोपरगाव स्टेशन झालं. शिर्डीला येणारे मुंबईचे लोक याच स्टेशनवर उतरून टांग्याने, बैलगाडीने पुढे येत. रेल्वेने माणसं आणली तसे पन्हळी पत्रेही आणले, मंगळुरी कौलंही आणली. १९०८चा साठे वाडा, १९१०-११चा दीक्षित वाडा, ही शिर्डीतली मुंबईकरांची बांधकामं. दगडी वाडा त्यांच्या मागून आला. पण आजूबाजूच्या खेड्यांत धाबं पुढे पन्नास-साठ वर्षं तरी हललं नाही, कारण ते दुरुस्त करायला गवंडी लागत नव्हता. मृगाच्या आधी दोन-चार घमेली माती वर टाकली की झालं.

आणि लाकूड ही मालमत्ता होती. जमिनीसारखी, दागिन्यासारखी. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की तुळयासुद्धा मोजून वाटल्या जायच्या. घर पडलं की माती मातीत जायची आणि लाकूड पुढच्या घरात. जायकवाडी धरणाचं काम १९६५ला सुरू झालं, १९७६ला ते पूर्ण झालं, आणि नेवासा-शेवगाव बाजूची गावं पाण्याखाली गेली. तेव्हा कितीतरी लोकांनी उठताना खांब, कड्या, दारं बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेली. तुम्ही आज त्या बाजूला एखाद्या पत्र्याच्या घरात घराच्या मानाने फारच जाड, कोरीव खांब बघितलात तर विचारून बघा. तो बहुतेक दुसऱ्या गावाचा असतो.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की मी आता म्हणणार, चला, सगळे धाब्याच्या घरात राहायला जाऊ. नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादला, म्हणजे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसं गेली. तिथे माळवदाची घरं होती. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं छत. त्या भिंती उकलल्या आणि झोपलेल्या माणसांवर आल्या.

इथे एक हिशोब करू या, कारण पॉडकास्टमध्ये आपण हिशोब टाळत नाही. दरवर्षी पावसाच्या आधी छतावर नवी माती टाकायची, जुनी मात्र कुणी काढायचं नाही. आजोबांचा थर, वडिलांचा थर, आपला थर. छत फूटभर, दीड फूट, कुठे त्याहून जाड होत गेलं. १० बाय १० फुटांची खोली घ्या. त्यावर एक फूट माती म्हणजे साधारण पावणेतीन घनमीटर. घनमीटरला १.७ टन धरलं तर पावणेपाच टनांच्या आसपास. पावसात भिजली की अजून जास्त. त्याच खोलीवर पाच इंची काँक्रीटचा स्लॅब टाकला तर तो तीन टनांच्या आतबाहेर. म्हणजे ज्या छताला आपण 'कच्चं' म्हणतो ते 'पक्क्या' छताच्या दीडपट जड.

पण किल्लारीच्या ढिगाऱ्यात अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. अनेक घरांत बाहेरच्या भिंती पार कोसळल्या होत्या, आणि आतला खणांचा लाकडी सांगाडा छत डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. मारलं ते मुख्यतः भिंतीच्या दगडांनी आणि वरच्या वजनाने. लाकडाने त्यातल्या त्यात वाचवायचा प्रयत्न केला. त्यानंतर मात्र माणसांच्या मनात एकच गोष्ट बसली, माती म्हणजे मरण आणि स्लॅब म्हणजे सुरक्षितता. ती भीती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरातली पाच माणसं गेली त्याला सांगाड्याचं कौतुक सांगायचं तोंड मला नाही.

पण हा प्रश्न उरतोच: माती बाजूला काढून फक्त किलचण ठेवता आली असती तर? हलकी, ऊन अडवणारी, टाकाऊ लाकडाची?

हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारला नाही, पण दुसरीकडे त्याचं उत्तर आधीच तयार झालेलं होतं. ऑस्ट्रियात १९०८ साली लाकडाच्या लांब, कुरळ्या ढलप्या मॅग्नेसाइटच्या लगद्यात बुडवून त्यांची पाटी करण्याचं पेटंट निघालं. माल 'हेराक्लिथ' या नावाने विकला जायचा. हातात घेतली की शेवयांची वडी दाबून केल्यासारखी दिसते. हलकी, पटकन पेट न घेणारी, आणि आतमध्ये हवा असल्यामुळे ऊन-थंडी अडवणारी. आता आठवा, काटकी आणि माती. तीच जोडी, फक्त माती कारखान्यातून आली.

मग अमेरिका. मिसिसिपी राज्यात लॉरेल नावाच्या गावात सॉ मिलचा कचरा जाळला जात होता. विल्यम मेसन नावाच्या माणसाने १९२४च्या सुमारास तो वाफेच्या दाबाने फोडून त्याचा लगदा केला. गोष्ट अशी सांगतात की त्याला हलकी पाटी करायची होती, पण जेवायला जाताना यंत्र सुरूच राहिलं, वाफेची झडप गळत होती, आणि परत येऊन बघतो तर कडक, गुळगुळीत पत्र्यासारखा बोर्ड. तोच मेसोनाइट, म्हणजे आपला हार्डबोर्ड. परीक्षेला नेता तो क्लिप लावलेला तपकिरी पॅड आठवा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लाकडाचा तुटवडा पडला आणि भुसा-ढलप्या कृत्रिम रेझिनने चिकटवून पार्टिकल बोर्ड आला.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतच, लुइझियाना राज्यात, सेलोटेक्स नावाच्या कंपनीने अशीच पाटी लाकडाशिवाय केली. कशाची? उसाच्या चिपाडाची.

आणि ऐन त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं बघा. दारणा धरण १९१६ला झालं, गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याच्या माळावर आले. १९२६ला भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, १९३९ला सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स साकरवाडीला, आणि १९५०ला लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा सहकारी कारखाना. म्हणजे ज्या दशकात लुइझियानात चिपाडाच्या भिंती बनायला लागल्या, त्याच दशकात शिर्डीच्या पंचक्रोशीत चिपाडाचे डोंगर लागायला सुरुवात झाली. दोघांची भेट मात्र झाली नाही. का?

कारण आपल्याकडे चिपाड कधी कचरा नव्हतंच. गुऱ्हाळ आठवा. उसाचा रस काहिलीत, आणि त्याच उसाचं वाळलेलं चिपाड खाली चुलवणात. ऊस स्वतःच्याच चिपाडावर शिजतो. साखर कारखान्यानेही तेच मोठ्या प्रमाणावर केलं. एक टन उसामागे २८० ते ३०० किलो चिपाड निघतं, त्यात निम्मं पाणी. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज सुमारे दीड हजार टन. त्यातलं बहुतेक बॉयलरमध्ये जातं, त्याची वाफ, वाफेवर साखर. उरलेलं पूर्वी विटभट्टीवाले आणि कागद गिरण्या घ्यायच्या. मग सहवीजनिर्मिती आली. कारखाने चिपाड जाळून वीज तयार करून विकायला लागले, आणि चिपाडाला भाव आला.

तरी महाराष्ट्रात हा प्रयोग झालाच नाही असं नाही. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात वेळापूरला 'इकोबोर्ड' कंपनीने चिपाडापासून पार्टिकल बोर्ड काढले. बोर्ड करायला चिपाड नुसतं दाबून चालत नाही. उसाच्या कांड्याच्या मधोमध जो भुसभुशीत गाभा असतो तो आधी झोडपून वेगळा करावा लागतो, कारण तो स्पंजसारखा पाणी आणि रेझिन पितो. कामाचे ते बाहेरच्या सालीचे धागे. शिवाय कारखाना चालतो पाच-सहा महिने, बोर्ड करायचा बारा महिने. म्हणजे गाठी बांधून ढीग रचून ठेवायचे. त्यात साखर उरलेली असते, म्हणजे ते आंबणार, तापणार, आणि नीट लक्ष दिलं नाही तर पेटणारसुद्धा. मग वाळवायचं, रेझिन मिसळायचं, गरम दाबयंत्रात घालायचं. एवढं सगळं करून समोरच्या बॉयलरशी भावात स्पर्धा. जाळणं नेहमीच सोपं असतं.

माझं मत विचाराल तर, चिपाड जाळून कोळसा वाचतो हे खरं आहे, त्यात वाईट काही नाही. पण धागा जाळला की त्यातला कार्बन त्याच हंगामात हवेत जातो, आणि बोर्डमध्ये घातला तर निदान वीस-पंचवीस वर्षं भिंतीत बसून राहतो. आणि बोर्ड जुना झाल्यावर जाळता येतोच. आधी वापर, मग जाळ. आपल्या सुताराच्या ढिगाचा क्रम हाच होता ना? लांब ते किलचणीला, आखूड ते चुलीला.

इथे एक गंमत. तुम्ही म्हणाल, रेझिन महाग आहे तर सिमेंटमध्ये का नाही मिसळत चिपाड? कारण साखर. थोडीशी साखरसुद्धा सिमेंटला बसू देत नाही. इतकी की काँक्रीटची गाडी रस्त्यात अडकली आणि माल आतच घट्ट व्हायची भीती वाटली तर त्यात साखर टाकतात. लाकडातही शर्करा असते, म्हणून सिमेंट-लाकडाच्या पाट्या करताना लाकूड निवडून किंवा धुऊन घ्यावं लागतं. आणि चुन्याचं मात्र उलट. आपले जुने गवंडी चुन्यात मुद्दाम गूळ घालायचे, त्याने चुना लवचीक होतो, कामाला बरा पडतो. म्हणजे साखर सिमेंटची वैरीण आणि चुन्याची मैत्रीण. युरोपात हेंपच्या काड्या चुन्यात कालवून भिंती बांधतात. २०२३ साली लंडनच्या एका विद्यापीठाने, युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनने, चिपाड आणि खनिज बंधक यांच्या विटा करून त्यांना 'शुगरक्रीट' असं नाव दिलं. नाव ऐकून हसू येतं, कारण ज्या मालासाठी त्यांना साखर कंपनीला विचारावं लागतं त्याच्या ट्रॉल्या राहात्याच्या चौकात रोज ट्रॅफिक अडवतात.

आता जरा तुमच्या खोलीत या. लाकूड घरातून गेलं कसं? १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाला पर्याय शोधा म्हटलं. १९९३ला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने सरकारी इमारतींत लाकूड वापरणं थांबवलं, ही बंदी थेट २०२०ला उठली. आणि १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या वृक्षतोडीला आणि जंगलात केंद्राच्या परवानगीशिवाय चाललेल्या सॉ मिलना लगाम घातला. जंगलासाठी हे चांगलंच झालं. पण खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, चौकटी लोखंडाच्या नाहीतर सिमेंटच्या झाल्या, आणि कपाटं पार्टिकल बोर्डची. तुमच्या हॉस्टेलचं टेबल, ऑनलाइन मागवलेलं बुकशेल्फ, शिर्डीतल्या लॉजमधला पलंग, वरचा चकचकीत थर सोलून बघा, आत ढलप्याच आहेत.

मग त्याला लोक नावं का ठेवतात? एक, पाणी. साधा बोर्ड एकदा भिजला की फुगतो आणि परत बसत नाही. दोन, वास. स्वस्त बोर्डात युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असतं, नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास तोच. त्यामुळे घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: बोर्डवर आयएस ३०८७चा शिक्का आहे का, आणि रेझिन कमी उत्सर्जनाचं, म्हणजे 'ई-वन' दर्जाचं आहे का. आणि कडा उघड्या असतील तर घेऊ नका, पाणी तिथूनच आत शिरतं. धाब्यालाही पाणी कडेनेच लागायचं, म्हणून पन्हाळ इतकी पुढे काढलेली असायची.

एक गोष्ट मात्र टोचते. हंगामात कालव्याकाठी ऊसतोड कामगारांच्या कोप्या तुम्ही बघितल्यात का? बांबू किंवा काठ्यांचा सांगाडा आणि वर उसाचं पाचट. शंभर टक्के शेतीचा टाकाऊ माल, स्थानिक, कार्बन जवळजवळ शून्य, हंगाम संपला की मातीत परत. पर्यावरणपूरक बांधकामाच्या प्रत्येक कसोटीला उतरणारं घर. आणि त्यात राहणाऱ्या बाईला विचारा. रात्रीची थंडी, विंचू-साप, आणि चुलीची एक ठिणगी पडली की सगळं संपलं. या घराला कुणी पुरस्कार देत नाही, देऊही नये. टाकाऊ मालाचं घर निवडीने बांधलं तर ते आर्किटेक्चर असतं आणि नाइलाजाने बांधलं तर कोपी. या दोन्हींमध्ये जो फरक आहे तो मालात नाही: अग्निरोधक लेप, उंच जोतं, बांधून दिलेली चूल. एवढंच तर हवंय.

शेवटची गोष्ट घरकुलाची. २०१६पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण सुरू आहे, सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये. यादीत नाव यायला घर कच्चं असावं लागतं, आणि मातीचं छत म्हणजे कच्चं. ज्याच्या डोक्यावर गळकं धाबं आहे त्याने ते पैसे घ्यावेत, पाडावं आणि बांधावं, यात मला शंका नाही. गेल्या उन्हाळ्यात राहाता तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या नात्यातलं असंच एक चार खणांचं घर उतरवलं. मी दोन दिवस तिथे होतो आणि कोणता माल कुठे जातो तेवढं बघत होतो.

चारही तुळया आणि खांब पहिल्याच दिवशी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने उचलले. सागवान होतं, वजनावर नाही तर घनफुटावर भाव झाला. ते आता कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये टेबल होऊन बसणार. कड्या निंबाच्या होत्या, त्यातल्या बऱ्या निघालेल्या गोठ्याच्या छपराला लावल्या. माती दोन ट्रॉल्या भरून शेतात गेली. वर्षानुवर्षांचा धूर आणि राख खाल्लेली ती माती, कांद्याला फार चांगली म्हणे. राहिली किलचण. काळीकुट्ट, धुरकटलेली, हाताला लोखंडासारखी लागणारी. वाळवी नव्हती. मी एक मोडून बघितली, आतून बाभूळ अजून लालसर होती. घरातल्या आजींनी सगळी गोळा करून पडवीत रचली. नव्या घरात गॅस आहे, त्यामुळे चुलीला नको. विटभट्टीवाला मागत होता, त्याला दिली नाही.

"राहू दे," म्हणाल्या, "कोंबड्यांचं खुराडं करायचंय. वर टाकायला लागंल."

तर मंडळी, तुमच्या गावात किलचणीला काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा. किलचा, किलचाणं, कुणी अजून काही म्हणत असेल. आणि घरात कुणाला धाब्यावर माती टाकल्याचं आठवत असेल तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात मंगळुरी कौलं.